२० लाख कोटींच्या पॅकेजमधले खरे पैसे किती?

पाटीपेन्सिल:
मे २०२० मध्ये केंद्राने २०,९७,०५३ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या वर्षीची वित्तीय तूट (सरकारचा उत्पन्नाहून जास्तीचा खर्च) जीडीपीच्या ३.५ टक्क्यांच्या अंदाजावरून ९.२ टक्क्यांवर गेली. तरी जीडीपी आपटलाच. मग मंदीत सरकारी खर्चाचा उपयोग होत नाही असं समजायचं का?

बेरीजवजाबाकी:
एवढा खर्च झालाच कुठे? त्यातले ८,०१,६०३ कोटी हे रिझर्व्ह बँकेचे उपाय, सरकारी खर्च नव्हे. ३ लाख कोटी ही लघुउद्योगांच्या कर्जाची हमी: २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के नवं कर्ज, ४ वर्षांसाठी. कर्ज बुडालं तरच सरकारच्या खिशाला चाट. आणि ज्याचं कर्जखातंच नाही त्याला २० टक्के कशाचे?

तुटीचंही तसंच. अन्न अनुदान अर्थसंकल्पात १.१५ लाख कोटी होतं, प्रत्यक्षात ५.४१ लाख कोटी दिसलं. मोफत धान्य त्यात आहेच, पण मोठा भाग अन्न महामंडळाच्या नावावरचं जुनं कर्ज फेडण्याचा. जुनी देणी फेडून बाजारात गिऱ्हाईक येत नाही. त्यात महसूल घटला, आणि ज्या जीडीपीने भागायचं तोही आटला.

हजेरीपट:
हातात पडलेला पैसा बघायचा तर रोजगार हमी बघा. ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी दिले, वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं. जॉबकार्ड, बँक खातं, शेल्फवरची (आधीच ठरवून ठेवलेली) मंजूर कामं आधीच तयार असतात म्हणून हे लगेच चालू होतं. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने उभं केलेलं हे तंत्र. अडतं ते खाली. काम मागितल्याची तारखेसह पोच घेतली नाही, तर १५ दिवसांत काम न मिळूनही बेकारी भत्ता मागता येत नाही. कामाचं मोजमाप लांबलं की मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, अडकतं आणि मजुरीही. तेव्हा राज्यात मजुरीचा रोज २३८ रुपये होता. तो दीड महिन्याने आला तर वाण्याची उधारी फिटते, नवी खरेदी होत नाही.

खडूफळा:
शहरात ती सोयच नाही, हेही धरा. मोठे पूल-महामार्ग मात्र मंदीवरचा उतारा म्हणून सुचवू नका. भूसंपादन आणि निविदेतच वर्ष-दीड वर्ष जातं. कार्यादेश निघालेली रस्तेदुरुस्ती, जलवाहिन्या यांची थकलेली बिलं आधी चुकवा, ठेकेदार पुढच्या आठवड्यात माणसं लावतो.

सगळ्यात बोथट हत्यार कंपनी कराचं. सप्टेंबर २०१९ मध्ये दर ३० वरून २२ टक्के केला, १.४५ लाख कोटींच्या महसुलावर पाणी. माल उठत नसेल तर कंपनी नवं यंत्र कशाला घेईल? ती आधी कर्ज फेडते.