'अध्ययन शैली' मुलाची म्हणायची की पाठाची?

जिल्हा परिषद शिक्षिका, गेवराई तालुका

आमच्या शिक्षण परिषदेत 'अध्ययन शैली' हा विषय झाला. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदीत दृक्, श्राव्य किंवा कृती यांपैकी एक शैली लिहावी, असं सुचवण्यात आलं. माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. लिहायला बसले की शब्दापाशीच अडते. 'अध्ययन शैली', 'अध्ययन पद्धती' आणि 'शिकण्याची रीत' हे एकच का? आणि 'हा श्राव्य शैलीचा विद्यार्थी आहे' हे वाक्य मराठीत नीट वाटतं का?

निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

मॅडम, पद्धती शिकवणाऱ्याच्या हातात असते. व्याख्यान पद्धती, प्रकल्प पद्धती, प्रात्यक्षिक पद्धती. शैली शिकणाऱ्याची. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) बालमानसशास्त्रासाठी एवढा फरक पुरतो. आमच्या लहानपणी मोठी माणसं 'शिकायचा तरीका' म्हणायची. निजामाच्या काळात तहतानिया, वस्तानिया, फोकानिया अशा शाळेच्या चढत्या पायऱ्यांनी शिकलेली ती पिढी, त्यामुळे 'तालीम', 'सबक', 'तरीका' हे शब्द त्यांच्या तोंडी सहज यायचे. तरीका बदलता येतो, हे त्या शब्दातच आहे.

मराठीची अध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

सरांनी तरीक्याबद्दल शेवटी जे लिहिलं, तिथूनच पुढे जाते.

'शैली' हा शब्द 'शील'पासून आला. शील म्हणजे स्वभाव, अंगात मुरलेलं वागणं. गायकाची शैली, लेखकाची शैली म्हणताना वर्षानुवर्षं घडत आलेलं आणि त्या माणसापासून वेगळं न काढता येणारं काहीतरी आपल्या मनात असतं. आठ वर्षांच्या लेकराला तोच शब्द लावला की वाचणारा समजतो, हे मूल असंच आहे आणि असंच राहणार. मॅडम, तुमचं वाक्य व्याकरणात कुठेही चुकत नाही. पण मुलाबद्दल आपल्याला जेवढं ठाऊक असतं, त्याहून कितीतरी जास्त ते सांगून टाकतं. पुढच्या वर्षीचे गुरुजी तीच नोंद वाचतात आणि त्याच नजरेनं मुलाकडे बघायला लागतात.

ही संज्ञा आली कुठून तेही बघू. आज प्रशिक्षणांत जी विभागणी सांगतात, तिचं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे 'व्हार्क'. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी 1992 मध्ये ते मांडलं. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून, अशा त्यात चार वाटा आहेत. अशी वर्गीकरणं डझनांनी निघाली. 2004 साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजली तर 71 भरली. मुलांचे 71 प्रकारे गट पाडता येत असतील, तर त्यातला खरा गट कुठला?

मुख्य प्रश्न मात्र वेगळा आहे. मुलाला जी वाट आवडते तिनेच शिकवलं, तर ते जास्त शिकतं का? 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवावं असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. 2020 साली अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं. मुलांना आवडीची वाट असते, मुलं ती सांगतातही, पण त्या वाटेनं शिकवल्यामुळे त्यांचं आकलन वाढत नाही. आपल्याकडच्याच शिक्षकांचा असा समज आहे असंही नाही. 2012 च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या 90 टक्क्यांहून जास्त शिक्षकांनी शैलीवर विश्वास दाखवला होता.

म्हणून माझं मत असं की 'शैली' हा शब्द मुलाला लावू नये. मुलासाठी 'कल' म्हणा. कल बदलतो, एका विषयात एकीकडे आणि दुसऱ्यात दुसरीकडे असू शकतो. दहावीला पूर्वी घेतल्या गेलेल्या कल चाचणीमुळे हा शब्द पालकांच्याही ओळखीचा आहे.

प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा

ताई, पुराव्याचं ठीक आहे, पण वर्गात डोळ्यांना दिसतं त्याचं काय करायचं? माझ्याकडं एक लेकरू आहे. आईबाप ऊसतोडीला जातात आणि हे हंगामी वसतिगृहात राहतं. फळ्यावरची बेरीज त्याला सुटत नाही. हातात चिंचोके दिले की तेच गणित झटक्यात करतं. ही कृतीची शैली नाही, तर काय आहे?

मराठीची अध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

सर, तुम्ही पाहिलं ते खरंच आहे. फक्त त्याला काय नाव द्यायचं, एवढाच प्रश्न. संख्या वस्तूंमधून अंकापर्यंत पोहोचते, आणि त्या प्रवासात हे लेकरू अजून वस्तूंपाशी आहे. कारखाने सुरू झाले की दिवाळीच्या सुमाराला शाळा मध्येच सुटते, नाही तर वसतिगृहात नव्यानं बसावं लागतं. तेवढ्यात मधली पायरी निसटलेली असते. 'कृती शैली' लिहिलं तर तो वर्षभर चिंचोकेच मोजत राहील. 'वस्तूंच्या आधारे दोन अंकी बेरीज करतो, अंकांवरून करताना हातचा विसरतो' असं लिहिलं तर पुढं काय द्यायचं ते कळतं: दहाच्या काड्यांचा गठ्ठा, मग गठ्ठ्याचं चित्र, मग अंक. आणि तो गठ्ठा वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या मुलांनाही हवाच असतो. दशक म्हणजे काय ते हातात धरल्याशिवाय कुणालाच नीट कळत नाही.

शैली असलीच तर ती पाठाची असते. गोदावरी पैठणहून गंगाखेडला आणि तिथून नांदेडला कशी जाते, हे नकाशावर बोट फिरवूनच कळायचं. ते नुसतं ऐकवून काय उपयोग? कविता आधी कानावरून गेली पाहिजे. मानसशास्त्रज्ञ अॅलन पायव्हिओ यांनी दाखवलं की शब्द आणि चित्र सोबत आले तर लक्षात राहायला मदत होते. ही मदत एखाद्या खास प्रकारच्या मुलांपुरती नसते.

शिक्षिका, किनवट तालुका

यात माझा अनुभवही जोडते, कारण नोंदीतल्या एका शब्दानं लेकराचं किती नुकसान होतं ते मी पाहिलंय. आमच्याकडं बंजारा तांड्यावरून मुलं येतात, घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलतात. पहिलीतल्या एका मुलीच्या नोंदीत 'दृक् शैली, चित्रे पाहून चांगली शिकते' असं लिहिलेलं होतं. ती चित्रांकडं बघायची, कारण माझी मराठी तिला कळत नव्हती. तिला गरज होती ती वर्गात गोरमाटी शब्द ऐकू येण्याची. मोठ्या वर्गातल्या तांड्यावरच्या मुली मध्ये बसवल्या, गोष्ट दोन्ही भाषांत सांगू लागलो, आणि ती धडाधड बोलायला लागली.

दुसरा एक मुलगा ऐकून सगळं सांगायचा, पण फळ्यावरचं वहीत उतरवायचा नाही. सगळे त्याला 'श्राव्य' म्हणायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा कळलं, त्याला लांबचं दिसतच नव्हतं. शैलीचं नाव पडलं की आपण पुढं शोधायचं थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मराठीची अध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

किनवटच्या ताईंनी लिहिलंय ते प्रत्येक शिक्षण परिषदेत वाचून दाखवावं.

गेवराईच्या मॅडम, वर्णनात्मक नोंदींत 'विशेष प्रगती', 'आवड/छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकाने असतातच. मुलाचा कल 'आवड'मध्ये लिहा, आणि तो क्रियापदानं लिहा: 'गोष्ट ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगते', 'नकाशा काढायला आवडतो'. 'श्राव्य आहे' यातलं 'आहे' टाळा.

निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

पटलं. मीही वर 'शैली शिकणाऱ्याची' असं लिहून मोकळा झालो होतो. एक विचारतो: गार्डनर यांची बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे हेच ना? डी.एड.ला दोन्ही एकाच दमात शिकवायचे.

मराठीची अध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

नाही सर. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बुद्धिमत्ता एक नसून अनेक आहेत असं मांडलं. भाषेची, गणिताची, संगीताची वगैरे. माणूस कशात समर्थ असतो, याबद्दलचं ते मत आहे. माहिती डोळ्यानं घ्यावी की कानानं, याबद्दल ते नाही. दोन्हींची गल्लत करू नका, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय.

जिल्हा परिषद शिक्षिका, गेवराई तालुका

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: 'कायनेस्थेटिक', म्हणजे करून शिकण्याची जी वाट, तिच्यासाठी कुठं 'गतिसंवेदी', कुठं 'कारक', कुठं 'कृतिशील' दिसतं. पाठाच्या टाचणात काय लिहू?

मराठीची अध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

'कारक' नको, व्याकरणातल्या कारकाशी घोटाळा होतो आणि मानसशास्त्रात तो शब्द स्नायूंच्या हालचालींच्या विकासासाठी रूढ आहे. 'गतिसंवेदी' अर्थाला जवळचा आहे, पण पालकांना कळणार नाही. 'कृतिशील' म्हटलं की बाकीची मुलं आळशी ठरतात. टाचणात 'हाताळून करायची कृती' असं लिहा, आणि ते उपक्रमाच्या रकान्यात.