१५ किलोवॅटची मोटर २१ नव्हे, २७ अँपिअर घेते

४१५ व्होल्टवर चालणारी १५ किलोवॅटची थ्री-फेज मोटर किती करंट घेते, याच्या एका हिशोबात १५ किलोवॅटला (१५,००० वॅट) १.७३२ (३ चं वर्गमूळ) × ४१५ ने भागून २१ अँपिअर काढलेत. हीटर असता तर उत्तर बरोबर होतं. पण मोटरच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट म्हणजे शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) मिळणारी ताकद, लाईनमधून ती त्याहून जास्त ओढते. शिवाय तिचा सगळा करंट कामाला येत नाही. त्यामुळे पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग प्रत्यक्ष कामाला येतो) आणि एफिशियन्सी (घेतलेल्या विजेपैकी किती शाफ्टवर मिळते), दोन्हींनी भागायलाच हवं. ०.८५ आणि ०.९० धरले तर साधारण २७ अँपिअर येतात. नेमप्लेटवर अँपिअर छापलेले असतील तर तेच धरा.

आणि कृपा करून हे बघाच: स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात चालवणारा) ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला तर मोटर बंद पाडणारा रिले, बहुतेक वेळा फेजमध्ये, म्हणजे लाईनमध्ये नव्हे तर मोटरच्या एकेका वाइंडिंगच्या वाटेत असतो, तिथे सेटिंग लाईन करंटच्या ०.५८ पट, म्हणजे १५.८ अँपिअर. तिथे २७ ठेवलं तर वाइंडिंग जळेपर्यंत रिले ट्रिपच होणार नाही.