सात मात्रांसाठी सिक्वेन्सर कुठला? युरोरॅकचं प्लॅनिंग चालू आहे

पखवाज_कुडाळ:
मंडळी, मी भजनाला पखवाज वाजवतो आणि कॉम्प्युटरवर व्हीसीव्ही रॅक ह्या सॉफ्टवेअरमध्ये बरेच प्रयोग करून झालेत, आता खरं युरोरॅक, म्हणजे सुटी मॉड्युलं जोडून बनवायचा सिंथेसायझर, घ्यायचं ठरवलंय. केस 84 एचपीच्या (एचपी म्हणजे मॉड्युलच्या रुंदीचं माप) दोन रांगांची, रुंदीला साधारण 43 सेंमी. एक ऑसिलेटर (सूर काढणारा), एक फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा), दोन व्हीसीए (आवाज कमीजास्त करणारे), दोन एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारे) एवढं पक्कं. घोडं अडलंय सिक्वेन्सरवर, म्हणजे सूर-ठेके स्टेपगणिक आपोआप वाजवणाऱ्या मॉड्युलवर. बघावा तो 8 नाहीतर 16 स्टेपचा, आणि मला हवेत तेवरा नि रूपक, म्हणजे 7 मात्रा. खाली बेस 7 मध्ये फिरावा आणि वर झांजेसारखा नॉईज 8 मध्ये. जमेल का? शिवाय आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि पावसाळ्यात सगळंच दमट, त्याचं काय करायचं?

मांडवी_वेव्ह:
जमतं की! 8 स्टेपच्या सिक्वेन्सरला प्रत्येक स्टेपचा वेगळा गेट आउट (ती स्टेप आली की सिग्नल देणारा जॅक) असेल तर आठव्याचा गेट रिसेटमध्ये (पहिल्या स्टेपवर परत नेणाऱ्या जॅकमध्ये) खुपस, झाला 7 चा. पण इथे एक मेख आहे, काही सिक्वेन्सर रिसेट मिळाल्याबरोबर पहिल्या स्टेपवर उडी मारतात आणि काही पुढच्या क्लॉकची (लयीच्या ठोक्याची) वाट बघतात, त्या दुसऱ्या जातीत सातव्याचा गेट घ्यावा लागतो नाहीतर आवर्तन 8 चंच राहतं. घ्यायच्या आधी मॅन्युअलमध्ये हे नक्की बघ. त्यापेक्षा सोपं म्हणजे प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येईल असाच घे. 7 आणि 8 एकाच क्लॉकवर सोडलेस की 56 क्लॉकनंतर दोघं परत एकत्र समेवर येतात, ऐकायला फार गोड लागतं.
सुरुवातीला कॉर्गचा एसक्यू-1 पण बघ. 8 स्टेपच्या दोन रांगा, नको ती स्टेप बंद करून वगळता येते, आणि दोन डबल ए सेलवर चालतो, केसमधली जागाही खात नाही.

देवगड_खारंवारं:
रे बाबा, आधी पॉवरचा बघ, सिक्वेन्सर मागसून. प्रत्येक मॉड्युल +12 व्होल्टवर किती मिलिअँप (करंट) खातं, -12 व्होल्टवर किती, दोन्ही बेरजा वेगळ्या कर आणि सप्लाय त्याच्यापेक्षा पाव हिस्सा तरी मोठा घे. रिबन केबलची लाल कड -12 कडे, मॉड्युलवर खूण असते ती दोनदा बघूनच लाव, उलटी लागली तर मॉड्युल जळू शकतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आवाजात घरघर येण्याची शक्यता जास्त, साइन वेव्हचाच घे. खाऱ्या हवेत जॅक काळे पडतात, म्हणून झाकणाची केस, आत सिलिका जेल, आणि जूनपासून रोज थोडा वेळ चालू ठेवायचं, आतली ऊब राहते. अॅनालॉग ऑसिलेटर मात्र अर्धा तास तापल्याशिवाय ट्यून करू नकोस, तापमानाबरोबर सूर सरकतो.

पखवाज_कुडाळ:
दोघांचे आभार. रिसेटचं हे कुठेच वाचलं नव्हतं. मग रूपकात किक (ड्रमचा जड ठोका) पहिल्या स्टेपवर ठेवू ना?

मांडवी_वेव्ह:
नको नको! रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर आहे, तीं तीं ना, धीं ना, धीं ना. किक चौथ्या आणि सहाव्या स्टेपवर, पहिली मोकळी किंवा नुसता हलका नॉईज. पहिल्यावर किक ठोकलीस की रूपकाचा जीवच जातो. तेवऱ्यात मात्र धा पहिल्यावरच, तिथे बिनधास्त दे. आणि भजनाची चाल वाजवणार असशील तर एक स्ल्यू लिमिटर (सूर एकदम न बदलता घसरत नेणारा) यादीत घालच, क्वांटायझरच्या (सूर ठराविक स्वरांवर बसवणाऱ्या मॉड्युलच्या) नंतर लावायचा, मींड तिथूनच येते. नुसत्या क्वांटायझरवर सगळं पेटीसारखं तुटक वाजतं.

देवगड_खारंवारं:
ह्याका +1. आणि आपल्याकडे ह्या यंत्राची ओळख जुनी असा हां, अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) 1969 सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग मॉड्युलर सिंथेसायझर लावून दिला होता. तुझी यादी झाली की एचपी आणि मिलिअँपसकट इथेच टाक, बेरीज मी तपासून देतंय.