पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवायचे किस्से

पळसपान :
काल संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. मागच्या शाळेत नीटचं सेंटर, पाचला पेपर सुटलेला. गेटबाहेर ही गर्दी! अर्ध्या बाह्या, पायात चपला, आणि आईबाप पाण्याच्या बाटल्या धरून. एका स्कूटरच्या सीटवर प्रश्नपत्रिका पसरून तीन मुली वाकलेल्या. एकीची आई मागे उभी, लेकीची कानातली मुठीत. "आधी हे घाल गं, हरवतील." मुलीचं लक्षच नाही. "अगं तुझा सेट वेगळाय, तुझा चौदावा म्हणजे माझा एकतिसावा!" म्हणजे उत्तर जुळवायच्या आधी प्रश्न जुळवा.

मला आमची बारावी आठवली. तेव्हा सीईटी नव्हती, मेडिकलला बारावीचे पीसीबीचे, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क. एकेका मार्काने कॉलेज बदलायचं. प्रश्नपत्रिकेवर काही लिहायला बंदी, म्हणून माझी मैत्रीण न्यूमेरिकलची उत्तरं खोडरबरावर लिहून आणायची. बाहेर आली की सगळा घोळका त्या खोडरबराभोवती. फिजिक्सला तिचं एक उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं निघालं. आम्ही तिची समजूत काढतोय, जाऊ दे गं, दोनच मार्कांचं होतं. तेवढ्यात सर आले आणि म्हणाले, हिचंच बरोबर. मग तिने आमची समजूत काढली. बाई आता भूलतज्ज्ञ आहे. खोडरबर अजून जपून ठेवलंय म्हणते, मला खरं वाटत नाही.

येऊ द्यात तुमचे.

चिंचगुळ :
आमच्याकडे नियम, झालेल्या पेपरवर घरात चर्चा नाही. आई दारातच पेपर काढून घ्यायची आणि कपाटात टाकायची. बाबा तो कपाटातून काढून गुपचूप शेजारच्या जोशीकाकांकडे न्यायचे. रात्री जेवताना बाबांचा चेहरा बघून मला माझे मार्क कळायचे.

रानवारा_लातूर :
लातुरात राहून आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, न बघता झोपणं शक्यच नाही. पोरगं रिक्षात बसून घरी पोचेस्तोवर क्लासवाल्यांची की मोबाइलवर आलेली असते. एका क्लासची एक, दुसऱ्याची वेगळी. मग पोरं दोन्ही लावून बघतात, ज्यात जास्त मार्क तो क्लास चांगला. मालक खोली भाड्यानं देताना विचारतो, मागच्या साली किती पडले. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच बहुतेक :)

भावा_जोरात :
आमच्यात कोल्हापुरात साधा कायदा होता. पेपर झाला की मिसळ. आणि मिसळ खाताना जो पहिल्यांदा "तुझं काय आलं रे" म्हणेल त्यानं सगळ्यांचं बिल भरायचं. एक गडी होता, दोन मिनिटं कळ काढायचा नाही. त्याच्या जिवावर आम्ही सगळी सीईटी जेवलो.

शेवगा :
@भावा हसून हसून पुरेवाट!

नीरजा_७ :
आमच्या घरी २०२४ ची नीट अजून निघते. फिजिक्समधला तो अणूचा प्रश्न, दोन विधानांचा. भाच्याने दुसरा पर्याय मारला, त्याच्या जिगरी मित्राने चौथा. पेपर सुटल्यापासून भांडण. भाच्याच्या एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं, मित्राकडे नवी आवृत्ती. आणि निकालात परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही बरोबर धरले! दोघांनी पेढे वाटले. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी सांगितलं चौथाच बरोबर. जुलैत भाच्याचे पाच मार्क गेले, चार मिळालेले आणि एक निगेटिव्हचा. पहिल्या नंबरवरची ७२०ची ४४ मुलंसुद्धा त्याच प्रश्नाने खाली आली, पण त्याचं भाच्याला काय! मित्र अजून त्याला "जुनी आवृत्ती" म्हणून हाक मारतो.

चिंचगुळ :
बिच्चारा. पेढे परत घेतले का?

नीरजा_७ :
पेढे आम्हीच खाल्लेले.

उंबरठा :
आताच्या एमएचटी-सीईटीत तर जुळवण्यासारखं काही उरलंच नाही. संगणकावर परीक्षा, किती दिवस चालते, प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर, वर पर्सेंटाइल. तरी माझा मुलगा दुपारच्या शिफ्टला जायच्या आधी सकाळच्या शिफ्टवाल्याला फोन करून विचारतो काय आलं होतं. अरे तुला ते येणार नाहीये! मग भांडण असं की तुझी शिफ्ट सोपी होती, माझी अवघड. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे किती सोडवलं विचारलं की "सगळं टिकलं". टिकलं हो, पण सोडवलं किती? गणिताच्या प्रश्नाला दोन दोन मार्क आहेत, तिथे तुक्के मारून आलाय. थांबा, दूध उतू

गोमेकर :
दूध उतू गेलं वाटतं त्यांचं :)
आमची गोव्याची जीसीईटी. एका दिवसात संपत नाही, तिथेच घोळ. पहिल्या दिवशी पेपर झाला की कदंबाच्या बसमध्ये बसून उत्तरं जुळवायची, आणि म्हापशाला उतरेपर्यंत अर्ध्या जणांनी ठरवलेलं असायचं की उद्या येण्यात अर्थ नाही. माझ्या शेजारच्या मुलाने तर कंडक्टरला प्रश्न विचारला. कंडक्टर म्हणाला, बाबा, सुटे दे आधी.

पुलाखालून :
माझ्या वेळी, म्हणजे ९४ साली, जेईई बरीचशी सब्जेक्टिव्ह होती. पर्यायांचे प्रश्न थोडेच, त्यामुळे "बी आलं का सी" हा प्रकार फारसा नव्हता. रीत जुळवायची. परतीच्या लोकलमध्ये आम्ही पाच जण, पाच रीती, उत्तरं सहा. एकाने मध्येच विचारलं, "घर्षण धरलंस का?" आणि सगळा डबा गप्प. समोर बसलेले एक गृहस्थ पेपर खाली ठेवून म्हणाले, "धरायलाच हवं होतं." कोण होते देव जाणे, कुर्ल्याला उतरले.

शेवगा :
काकांचं "माझ्या वेळी" आलं, आता ऋतू बदलला. पण शेवट भारी.

मोगरी :
१२ ऑक्टोबर २०२०, मुंबईत विजेचं ग्रिड बसलं तो दिवस. माझी सीईटी. लोकल मध्येच उभी, मास्क लावून सगळे घामाघूम, मी हॉल तिकिटानेच वारा घेतेय. अडकलेल्यांना नंतर पुन्हा संधी दिली, म्हणून वाचले. पण माझ्या पेपरच्या दिवशी जुळवायला ओळखीचं कुणीच नाही, मैत्रिणींच्या परीक्षा होऊन गेलेल्या. घरी येऊन आजीला सांगत बसले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पास ना?"

वैनगंगा :
काय सांगू बाप्पा, आमच्या नागपूरच्या उन्हात कोणाला जुळवायची ताकद नसे. पहिले ऊस रस, मग बाकीचं.
@पळसपान, कानातल्यांचं वाचून विचारते. माझ्या पोरीचे नुकतेच टोचलेत, पुढच्या साली नीट. तीन-चार तास काढून ठेवले तर बुजतात का?

पळसपान :
नुकतेच टोचलेले असतील तर धोका आहे. कडुलिंबाची बारीक काडी घालून पाठव.

भावा_जोरात :
तपासणीवाले काडीत ब्लूटूथ शोधतील.

नीरजा_७ :
@वैनगंगा अजून वर्ष आहे, तोवर भोकं पक्की होतील. काळजी सोड. खरं टेन्शन केसांच्या क्लिपांचं, साधं रबर लाव.

उंबरठा :
आले. गेलंच दूध.

वैनगंगा :
@रानवारा_लातूर, पोरीला तिकडे पाठवायचं चाललंय. मुलींसाठी बरी मेस माहीत आहे का? पोळ्या मऊ पाहिजेत, बाकी काही नखरे नाहीत.

रानवारा_लातूर :
माझ्या बहिणीच्या शेजारी एक मावशी चालवतात. व्यक्तिगत निरोप करतो. पोळ्या नाहीत, भाकरी मात्र एक नंबर.