मदत हवी आहे : चेहरा पेन्सिलीचा, पातळ ठशांचं, पण दोन्ही जुळेना

मंडळी, आजीचं चित्र काढतेय. ती कायम छापील वॉयलचं नऊवारी पातळ नेसायची. म्हटलं, चेहरा आणि हात पेन्सिलीनं काढू आणि ते पातळ मात्र लाकडी ठशानं कागदावर छापू. जुन्या बाजारात कोयरीचा ठसा मिळाला. त्याचा देठाकडचा टवका उडालाय, त्यामुळे प्रत्येक कोयरी देठाशी तुटकी उमटते. मला ते आवडलं, राहू दिलंय.

आतापर्यंत तीन कागद वाया गेले. चांगले जाड, ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), त्यामुळे जीव हळहळतोच.

पहिल्यांदा चेहरा-हात पूर्ण करून छापायला घेतलं. मनगटाजवळच्या छटेवर रंग धरेना, थेंब होऊन गोळा झाला. वर ठशाला शिसं लागून पुढच्या चार कोयऱ्या मळकट. दुसऱ्यांदा आधी छापलं, तर कापडाचा रंग कागदावर फुटला, आणि कोयरीचं पोट पुसटच. तिसऱ्यांदा ठसे झकास उमटले, पण आजी कुठाय? खांद्यापासून घोट्यापर्यंत कोयऱ्यांची कवायत. ना निऱ्या, ना पदराचा घोळ. पडद्याला भोक पाडून डोकावल्यासारखी दिसते बिचारी.

ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं १९०७ चं आडेले ब्लॉख-बाउअरचं चित्र समोर ठेवलंय. त्यातला पोशाखही सपाट नक्षीचाच, तरी चेहरा नि हात सुटे पडत नाहीत. माझे का पडतात?

प्रतिसाद १
चेहऱ्याची फक्त फिकट बाह्यरेषा काढा, मग छापा, चेहरा शेवटी. छापताना चेहरा-हातांवर त्याच आकाराचा बटर पेपर ठेवा. कापडाचा रंग नको. ब्लॉक प्रिंटिंगचा दाट रंग स्पंजानं पातळ थरात लावा. पोट पुसट येतं ते टेबल कडक म्हणून. कागदाखाली घोंगडीची घडी घाला.

निऱ्यांसाठी वेगळ्या पातळ हातकागदावर छापा, निरी-निरी कापा आणि प्रत्येक पट्टी जरा वर-खाली सरकवून गव्हाच्या खळीनं चिकटवा. घडीत कोयरी अर्धी गेलीच पाहिजे, तरच कापड वाटतं. रवि वर्मा प्रेसच्या देवादिकांच्या चित्रांवरही लोक हौसेनं कापड नि टिकल्या लावायचेच की!

प्रतिसाद २
ताई, पातळाचा रंग कोणता? गर्द निळा असेल तर करड्या चेहऱ्याशी तो भांडणारच. क्लिम्टनं चेहराही रंगातच केलाय, तुमचा शिशाचा आहे. निळ्यात थोडा काळा मिसळून बघा. आणि रंग वाळल्यावर घड्यांमध्ये काळी रंगीत पेन्सिल फिरवा. साधी शिसपेन्सिल त्या थरावरून घसरते.

धागाकर्ती
निळाच आहे, अगदी गर्द! रात्री तुकड्यावर चार निऱ्या करून पाहिल्या. एका घडीतून कोयरीचा नेमका तुटका देठच डोकावतोय, त्यामुळे खूश आहे. पण खळ वाळल्यावर पट्ट्यांच्या कडा उचलल्या. खळ पातळ झाली असेल, की रात्रभर वजन ठेवायला हवं होतं?