प्राणी सप्ताहात झेब्रा आला, शेळी आलीच नाही. बालवर्गात प्राणी कुठून सुरू करायचे?

गिरणाकाठची आई (भडगाव)

मुलगी साडेचार वर्षांची, बालवर्गात जाते. गेल्या आठवड्यात तिच्या शाळेत प्राणी सप्ताह झाला. सोमवारी सिंह, मंगळवारी झेब्रा, बुधवारी जिराफ, गुरुवारी पेंग्विन आणि शुक्रवारी मुखवटे घालून फोटो. घरी रंगवायला रोज एक कागद.

मंगळवारी बाईंनी वर्गात विचारलं, तुमच्या घराजवळ कोणता पक्षी येतो? ही म्हणाली, "कावया." आमच्या अहिराणी बोलीत कावळ्याला कावया म्हणतात. बाई म्हणाल्या, "कावया नाही, क्रो म्हण." रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पण आमच्या पत्र्यावर कावळा किती वाजता येतो, वाळलेली भाकर कुंडीतल्या पाण्यात भिजवून कशी खातो, हे सगळं या पोरीला माहीत आहे. सांगायला तिच्याकडे पुष्कळ होतं. त्यानंतर आठवडा संपेपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या गोठ्यात शेळी व्याली, दोन करडं झाली. एक करडू उठलं, पडलं, परत उठलं आणि थेट आचळाला लागलं. मुलगी तिथून हलेना. मला विचारते, "त्याले कोनी सांगं, दूध कोठे शे?" एवढा मोठा प्रश्न तिला झेब्रा रंगवताना पडला नव्हता.

प्राणी हा विषय या वयाला फार चांगला आहे, शाळेने तो घेतला याचा मला आनंदच आहे. पण सुरुवात गोठ्यातून, अंगणातून व्हावी आणि मूल घरी जे नाव घेतं त्याच नावाने व्हावी. झेब्रा पळून जात नाही, तो नंतर येऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?

पांझराकाठ (धुळे)

ताई, मुलगी गप्प झाली हे वाचून वाईट वाटलं. तरी तुमचं म्हणणं मला पटत नाही. शेळी तिला घरीच दिसते, ती दाखवायला शाळा कशाला हवी? घरात जे मिळत नाही ते शाळेने द्यावं. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला डायनासोरचं वेड. डायनासोर कोणीच पाहिलेला नाही, पण त्याच्यामुळेच तो लांब-आखूड, जड-हलकं, मांस खाणारा आणि पाला खाणारा हे सगळं शिकला. मुंबईला राणीच्या बागेत पेंग्विन पाहिला तेव्हा काचेला नाक लावून उभा राहिला. मुलाचं मन अंगणाएवढंच असतं असं का धरायचं?

भाषेचं सांगतो. मी अहिराणी घरातला. पुण्याला कॉलेजात पहिल्या दिवशी शाळेला "शाया" म्हणालो आणि अख्खी खोली हसली. पुढचं वर्षभर मी तोंड उघडायला घाबरत होतो. माझ्या मुलावर ती वेळ येऊ नये, म्हणून लहानपणीच जीभ वळलेली बरी.

गिरणाकाठची आई

दादा, तुमच्यावर कॉलेजात जी वेळ आली तीच माझ्या मुलीवर साडेचाराव्या वर्षी आली, एवढाच फरक. क्रो तिने शिकावाच. आधी कावया म्हणू द्यावं, मग कावळा, मग क्रो. तीन नावं येणारं मूल एक नाव येणाऱ्यापेक्षा पुढे नाही का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे.

अंगणवाडी ताई (शिरपूर तालुका)

सातपुड्याच्या पायथ्याला माझी अंगणवाडी आहे. बरीच मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. प्राणी हा विषय मी दरवर्षी घेते आणि तक्ता सगळ्यात शेवटी काढते. काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर होवो.

पावसाळ्यात बाहेरचा चिखल सकाळी वाचायचा. कोण येऊन गेलं? कोंबडीचे तीन बोटांचे ठसे, शेळीचा दोन फाकांचा खूर, कुत्र्याचा गादीचा पंजा. मुलं आपले अनवाणी पाय शेजारी उमटवून बघतात. लहान-मोठं, सारखं-वेगळं, एक-दोन-तीन, सगळं तिथेच होतं.

मग उठण्याचा खेळ. बसलेली गाय आधी मागचा भाग उचलते, घोडा आधी पुढचे पाय रोवतो. हे मला मुलांनीच दाखवलं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघून आलेला एक मुलगा आमच्या ओट्यावर घोड्यासारखा उठून दाखवायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आता सगळी मुलं आधी गाय होऊन उठतात, मग घोडा होऊन. कंबर, गुडघे, तोल, सगळ्याचा व्यायाम होतो आणि हसून हसून पोट दुखतं.

गाय वैरण खाताना तिच्या तोंडाकडे बघायला सांगते. वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच! हे पाहिलं की मुलं एकमेकांचे दात मोजायला लागतात. पिल्लांची नावं तर त्यांना माझ्याआधी येतात: वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू. पावरीतली नावं मी त्यांच्याकडून शिकते. त्या वेळी ती गुरू आणि मी विद्यार्थिनी असते, मुलांना याचा फार अभिमान वाटतो.

हेही सांगते की हे रोज जमत नाही. आहार, वजन-उंची, मोबाईलवरच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस. मदतनीस सुट्टीवर असली की मुलांना फाटकाबाहेर नेता येत नाही. त्या दिवशी तक्ताच काढावा लागतो. खासगी शाळेतल्या बाईंना दोष देण्याआधी त्यांच्या वर्गात किती मुलं आहेत तेही बघा.

जनावरांचा डॉक्टर (चोपडा)

अंगणवाडी ताईंनी गाय आणि घोड्याच्या उठण्याचं लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. पण "गोठ्यातून सुरुवात" म्हणताना जपा. व्यालेली शेळी, म्हैस, विशेषतः पिल्लांजवळची कुत्री, कोणालाही जवळ येऊ देत नाही. मूल कासऱ्याच्या बाहेर उभं राहील, मोठं माणूस सोबत असेल, आल्यावर साबणाने हात धुतले जातील, एवढं जमणार असेल तरच न्या. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, लस वेळेत घेतली तर वाचतो. प्राणी सप्ताहात हे शिकवलेलं मी एकाही बालवर्गात पाहिलं नाही. कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याच्याकडे जायचं नाही, हे चार वर्षांच्या मुलाला खेळातून सहज कळतं.

नंदुरबारकर

सगळं छान आहे, पण अक्षर-अंक कधी शिकवणार? मी दुकानदार माणूस. पहिलीत मुलगी गेली तेव्हा तिला पेन्सिल नीट धरता येत नव्हती. बालवाडीत वर्षभर मुखवटे आणि नाच. प्राण्यांचे आवाज काढून कोणी वाचायला शिकत नाही. आठवडाभर एकच विषय घोळवण्याऐवजी रोज एक तास पाटीवर गिरवलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे शिकवणीला घालायला पैसे नाहीत, जे काय व्हायचं ते शाळेतच व्हायला हवं.

अंगणवाडी ताई (शिरपूर तालुका)

भाऊ, तुमची काळजी खरी आहे. पण पेन्सिल धरायची ताकद पाटीच्या आधी बोटांत यावी लागते. पोळ्याच्या आठवड्यात आम्ही चिखलाचे बैल करतो. माती मळायची, शिंगं ओढायची, वशिंड थापायचं, ज्वारीचे दाणे चिमटीत धरून झूल सजवायची. तीच चिमट पुढे पेन्सिल धरते. आणि आवाजांचंही तसंच. म्हशीचा म, मांजराचा म, मोराचा म हे कानाला एकसारखं लागलं की पाटीवरचा म ओळखीचा होतो. मोठ्या गटाला पाटी देतेच मी.

निवृत्त गुरुजी (अमळनेर)

ही चर्चा नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम केलं. तिथली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येईनात. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. मुलाच्या हातातलं काम सोडायला न लावता शिकवता येतं, हे त्या दोघींनी करून दाखवलं.

धुळेकर बंधूंचा एक मुद्दा मात्र मला सोडवत नाही. आता आमच्या गल्लीत गोठा उरलाच नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आले. पोळ्याला मुलं विकतचे बैल पुजतात. अशा मुलाला शेळीसुद्धा झेब्र्याइतकीच लांबची. त्याच्यासाठी अंगण म्हणजे मुंग्यांची रांग, भिंतीवरची पाल, वायरीवरचा होला. तेवढंही पुरतं, पण बाईंनी खिडकीबाहेर बघायला हवं. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले असतील तर जरूर न्या. खोपा नर विणतो, मादी तो पसंत करते, हे ऐकून मुलांआधी आयाच चकित होतात.

पांझराकाठ (धुळे)

गुरुजी, मी तेच म्हणतोय. कॉलनीतल्या मुलाला चित्रच दाखवावं लागतं. पोरगा मला परवा विचारत होता, मुंगीला पाय किती? मी चार म्हणालो. त्याने भिंग आणून सहा मोजून दाखवले. हे त्याला शाळेने नाही, त्याच्या आजीने शिकवलं, आणि आजी अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. यावर मी विचार करतोय. पण डायनासोर मी काढून टाकणार नाही.

गिरणाकाठची आई

डायनासोर राहू द्या दादा, आजीपण राहू द्या.

काल बाईंना भेटले. भांडायला नाही गेले. त्यांच्या वर्गात एकेचाळीस मुलं आहेत, मदतीला कोणी नाही. कावयाचं त्यांच्या लक्षातही नव्हतं, सांगितल्यावर डोळे भरून आले त्यांचे. त्याही चाळीसगावकडच्या, घरी अहिराणीच. म्हणाल्या, कार्यालयातून आलेल्या वेळापत्रकात रोजचा प्राणी ठरलेला असतो, तो बदलायची मुभा नाही. दिवसातली शेवटची वीस मिनिटं मात्र त्यांची स्वतःची आहेत. शनिवारी त्या वेळात करडाबद्दल मुलीने सांगायचं ठरलंय, तिला हव्या त्या बोलीत.

तयारी म्हणून तिने झेब्र्याच्या कागदामागे करडू काढलंय. पाय पाच आहेत. मोजून दाखव म्हटलं तर चार बोटांवर मोजले आणि पाचव्यावर थांबली. म्हणते, ती शेपटी आहे, दूध पिताना हलते ना.