गाड्यांचे फोटो काढण्याचा कंटाळा येऊ लागलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत गाड्यांचे फोटो काढतो: सेकंडहँड विक्रीसाठी, नव्या गाडीच्या डिलिव्हरीला, कधी लग्नाच्या सजवलेल्या गाडीचे. हौसेचं काम आता ओझं वाटतंय. दर वेळी पुढचा कोपरा, मागे आरे-वारेचा समुद्र आणि सूर्यास्त. दोनशे-अडीचशे फ्रेम घेऊन एडिटला बसणं जिवावर येतं. पावसाळ्यात कॅमेरा कपाटातच. फुल फ्रेम बॉडी, २४-७० आणि ८५ मिमी लेन्स, सीपीएल (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर), ट्रायपॉड आहे. हौस टिकवायची तर कामाच्या पद्धतीत नेमकं काय बदलू?

किनारपट्टी: आधी एडिटिंगचा भार उतरवा, बहुतेकांचा जीव तिथेच जातो. गडद गाडीवर समोरचं सगळं उमटतं: विजेचे खांब, माडाची झावळं, तुमचा पांढरा शर्टसुद्धा. काळा टीशर्ट घाला आणि कॅमेऱ्याकडच्या बाजूसमोर मोकळं आकाश येईल अशी गाडी उभी करा. सीपीएल एकाच कोनात बॉनेट आणि दरवाजे दोन्ही साफ करत नाही. ट्रायपॉड न हलवता एक फ्रेम बॉनेट-काचेसाठी, दुसरी दरवाजांसाठी घ्या आणि एडिटमध्ये दोन्हींचे साफ भाग लेयर मास्कने जोडा. एकेक प्रतिबिंब क्लोन करून पुसत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. सगळी चकाकी मात्र काढू नका, पत्र्याचा उठाव तिच्यामुळेच दिसतो. बाजूच्या टफन्ड काचांवर सीपीएलने इंद्रधनुषी डाग येतात. तिथे तो थोडा फिरवून बघा. सीपीएलने प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), हे शटर ठरवताना धरा.

गिऱ्हाइकाचे अँगल ठरवून ठेवा, ते आधी उरका. बारा फोटो द्यायचे तर दोनशे फ्रेम कशाला? शेवटची वीस मिनिटं स्वतःसाठी राखा आणि त्यातलं काही गिऱ्हाइकाला देऊ नका. हे पाळलंत तर हौस आणि धंदा एकमेकांच्या पायात येणार नाहीत.

सड्यावरून: आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. म्हणजे सूर्यास्ताला गाडीची तुमच्याकडची बाजू हमखास काळी पडते आणि मग एडिटमध्ये काळा भाग उजळताना नॉइज (दाणेदारपणा) येतो. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. पार्किंग लाइट लावा, इंजिन बंद करा (त्याच्या थरथरीने फोटो हलतो), आयएसओ १००, एफ ८, शटर दोन ते चार सेकंद. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

आणि समुद्राकडे पाठ करून बघा की! मालकाची परवानगी काढून बंद पडलेल्या चिरेखाणीत जा. तासलेल्या जांभ्याच्या भिंती लाल उजेड परतवतात, पांढरी गाडी गुलाबी दिसते. रंग जुळवायला ग्रे कार्डची (करड्या पुठ्ठ्याची) एक फ्रेम घेतलीत की सुटलात. चाक वळवाल तेव्हा कॅमेऱ्याला रिम दिसू द्या, टायरची नक्षी नको. ८५ वर गाडीचं प्रमाण नीट येतं. २४ वर जवळ गेलात तर नाक फुगतं.

पागोळी: कपाटातला कॅमेरा पावसात बाहेरच्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, बुरशी तिथेच धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५० टक्के असू द्या. एसी गाडीतून उतरल्यावर लगेच काढू नका, बंद बॅगेत अर्धा तास राहू दे, नाहीतर काचेवर वाफ धरते.

पाऊस हाच तुमचा उपाय आहे. कमी रहदारीचा ओला रस्ता, गाडी ताशी ४० किलोमीटर, शटर १/६०, कमरेतून वळत पॅनिंग (कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो). बरेच फोटो वाया जातील, पण हात बसला की १/३० वर या. चाकाने उडवलेलं पाणी थेंबाथेंबाने हवं असेल तर १/५०० च्या पुढे. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात ना, चाकापासून दरवाजापर्यंत चिखल, टपावर ताडपत्रीत बांधलेलं सामान. विचारून त्या टिपा. धुऊन पुसलेल्या गाडीत हे सापडत नाही.

धागाकर्ता: आभार मंडळी! गाडी वाळूवर नेली तर वेगळं काही मिळेल?

किनारपट्टी: नका नेऊ. बऱ्याच किनाऱ्यांवर बंदी आहे, भरतीत चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं, आणि नोव्हेंबर ते मे कासवांची घरटी वाळूत असतात. गाडी रस्त्याच्या कडेलाच ठेवा, कॅमेरा खाली वाळूलगत धरा, ८५ वर एफ २.८. पुढची वाळू धूसर होते आणि गाडी वाळूतच उभी वाटते. खारा वारा लागलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, खालूनसुद्धा. फिल्टरवरचं मीठ कोरड्या फडक्याने घासू नका, आधी ओल्या कापडाने टिपा.